पान्यावरची भाकर

बेलापूरला आलो तेव्हा मला फक्त सेक्टर कळायचे.
सेक्टर अकरा, सेक्टर पंधरा, पंधराच्या मागचा पंधरा ए.
मी लिफ्टवाला, शहर मला उभंच भेटतं:
तळमजला, बारावा, मशीन रूम,
आणि डब्यात, आईनं कळंबहून पाठवलेल्या पिठाच्या
दोन जवारीच्या भाकरी, खर्डा.

पीठ संपलं त्याच आठवड्यात
दिवाळे गावातल्या एका चार मजली इमारतीत लिफ्ट अडकली.
आत एक म्हातारी, एक टोपली,
टोपलीत निवटे, त्यातले काही अजून उड्या मारणारे.
दार उघडलं, तर बाहेर पडायच्या आधी
तिनं माझे हात पाहिले.
"त्यो काला धुऊन ये. जेवून जा."

धाकूबाई तांडेल.
आडनावावर असा जोर, जशी होडी अजून तीच हाकते.

पाणी खळखळलं की तांदळाचं पीठ एकदम लोटायचं,
उलथण्याच्या दांड्यानं ढवळायचं, झाकण, आच कमी.
"आता गप बसायचं," ती म्हणाली
आणि खरंच गप्प बसली, उकड शिजेपर्यंत.
मग चटके बसत असतानाच मळायचं.
पाण्यात हात, उकडीत हात, पुन्हा पाण्यात.

मला वाटलेलं, भाकरी येते मला.
बहीण नव्हती; दहाव्या वर्षापासून
आईच्या शेजारी बसून काटवटीत थापलीय.
पण जवारी दटावलं की ऐकते.
तांदूळ नाही.
तळव्याखाली गोल होता होता कडेला फाटली.
गोळा केला. पुन्हा फाटली.

"बांध फुटला रं!"
ओल्या अंगठ्यानं तिनं कड आत दाबली, मिटवली,
आणि बोट न उचलताच सांगू लागली:
उधाणाला खारीचा बांध फुटायचा
तेव्हा अख्खं गाव कंबरभर पाण्यात,
चिखलाचे गोळे हातोहात.
एकदा खारं पानी शिरलं का तीन वर्सं भात नाय.
सासऱ्यानं रातभर असाच आंगठा लावला व्हता
वाकड्या खाचराला.

कुठंय वाकडं खाचर?
तिनं परातीतल्या पिठात रेघ ओढली.
ही खाडी. हा बांध. ही उघाडी.
आन इथं तुज्या हपिसाचं गोदाम.

आता तांदूळ वाशीच्या मार्केटातून येतो,
एवढंच म्हणाली. तवा तापला होता.

पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात,
पाणी सुकायच्या आत उलटायची.
"किती सेकंद?" मी विचारलं.
माझ्या धंद्यात दारानं किती सेकंदांत मिटायचं
तेही ठरलेलं असतं.
तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं.

सहावी फुगली.
निवट्यांच्या कालवणात बुडवून
पहिल्या पाच फसलेल्याही मीच खाल्ल्या.

गावाहून पीठ आलं तेव्हा घेऊन गेलो,
तिला जवारी थापायला बसवलं.
तिचा हात सारखा वाटीकडं,
नको तिथं पाणी, भाकर सैल, लिबलिबीत.
मी थापलेली तिनं बराच वेळ चावली.
"कोरडी हाय. तुमच्याकडं पानी नाय,
तं भाकरीत कुठून येल?"
आणि कोलीमच्या चटणीबरोबर दुसरी मागून घेतली.

काल पंधरा ए, लिफ्ट क्रमांक दोन.
तळाच्या खड्ड्यात उतरलो, तर घोटाभर पाणी.
टाकी फुटलेली नाही, नळ गळत नाही.
कुणी बघत नव्हतं. बोट बुडवून जिभेवर ठेवलं.
वहीत लिहिलं: खड्ड्यात पाणी.
कारणाच्या रकान्यापाशी पेन थोडा वेळ तसाच.

मग जिन्यात बसून डबा सोडला.
पांढरी भाकर, घडी घातलेली.
कडेला अजून फाटतेच.